हृदयाची ड्यूटी ११ ते १

माणसाला मान दिली आहे ती वळवण्यासाठी, हे बँकेत चिकटल्यापासून मी हळूहळू विसरत गेलो. बँकेतल्या मानेला दोनच स्थिती ठाऊक. खाली असली की काम चालू आहे, आणि वर झाली की समोर मॅनेजर उभा आहे. लेजरं गेली आणि कॉम्प्युटर आला, तेव्हा वाटलं होतं, आता मान जरा सरळ होईल. पण आमच्या शाखेतलं टेबल ज्या सुताराने केलं, त्याने बँकेतला माणूस डाव्या कुशीवर निजून काम करतो असं गृहीत धरलं असावं. परिणामी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी माझी मान उजवीकडे वळेनाशी झाली. नकाराला लागते तेवढीसुद्धा वळेना. 'बदलून आलेले साहेब कुणाला नाही म्हणत नाहीत,' अशी माझी पंचक्रोशीत ख्याती झाली, ती या मानेमुळे.

ही पंचक्रोशी म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यातलं रोहिणखेड. अजिंठ्याच्या डोंगरपायथ्याशी, घाटाखाली वसलेलं जुनं गाव. इतिहासात या गावाच्या खात्यावर दोन लढाया जमा आहेत. एक १४३७ सालची, बहामनी सरदाराने खानदेशच्या फारुकी राजाला हरवलं ती. दुसरी १५९० सालची, अहमदनगरच्या निजामशाही गादीवरून झालेली. तिसरी दरवर्षी जून महिन्यात पीककर्जाच्या वेळी आमच्या काउंटरवर होते. तिची नोंद मात्र अजून कुठल्या गॅझेटियरने घेतलेली नाही.

मी पदाने कारकून. हल्ली आम्हाला 'कस्टमर असोसिएट' म्हणतात. पगारापेक्षा पाटी लवकर वाढते हा नोकरीचा जुनाच नियम आहे. रोहिणखेडला मात्र बँकेत खुर्चीवर बसलेला तो साहेब, मग त्या खुर्चीचा एक पाय लंगडा का असेना.

तर आधी मान, मग खांदा, मग रात्री झोप नाही, सकाळी डोकं जड, जेवल्यावर जळजळ. बी. कॉम. असल्यामुळे शरीराचाही ताळेबंद मांडायची मला खोड आहे. त्यात नावेच्या बाजूला नोंदी वाढत चालल्या होत्या आणि जमेला नुसतं वजन. 'एकदा डॉक्टरांना दाखवून या,' असं आमची ही म्हणे. 'मार्चएंड होऊन जाऊ दे,' असं मी म्हणे. मार्चएंड दरवर्षी होऊन जात होता.

अशा नाजूक परिस्थितीत मे महिन्यात सोलापूरहून आमचे साडू आले.

साडूंनी नुकतंच चिनी आरोग्यपद्धतीचं तीन दिवसांचं शिबिर केलं होतं. तीन दिवसांत माणूस तज्ज्ञ होत नाही, पण सल्ला देण्याइतका नक्की होतो. त्यातून ते सोलापूरचे. सोलापूरचा माणूस आणि चीन एकत्र आले की तिसरे डॉ. द्वारकानाथ कोटणीस येतातच, आणि यायलाच हवेत. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला हिंदुस्थानातून पाच डॉक्टरांचं पथक गेलं, त्यात तिशीही न गाठलेले हे सोलापूरचे डॉक्टर होते.

"चीनला डॉक्टर आम्ही दिला!" साडू म्हणाले. त्यातला 'आम्ही' असा होता, की कोटणीसांची ट्रंक बोटीवर यांनीच चढवली असावी.

"त्या पथकात आमच्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते," मी विदर्भाची बाजू राखली. साडूंनी ती रक्कम किरकोळ खात्यात टाकली.

"पण कोटणीस तर सर्जन होते. म्हणजे चाकूवाले. सुयांचं काय?"

"सुया आणल्या त्याच पथकातल्या डॉ. बसूंनी. कलकत्त्याचे. पुढे पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ साली कलकत्त्याला येऊन ते सुरू केलं."

म्हणजे आपण चाकू पाठवला आणि सुई परत आली. व्यवहार तोट्याचा नव्हता, पण मला सुईची भीती वाटते. लहानपणी लस टोचायला आलेल्या बाईंना मी कणगीमागून सापडलो होतो, अशी घरात आख्यायिका आहे. साडूंनी मला धीर दिला. सुया नाहीतच. कामात बुडालेल्या माणसाने दिवसाकाठी पाच-पाच मिनिटं करायच्या साध्या सवयी. गरम पाणी पिणं, बोटाने बिंदू दाबणं, जेवणानंतर चालणं, दुपारची डुलकी, रात्री गरम पाण्यात पाय.

मग त्यांनी मला मूळ सिद्धांत सांगितला. तो मला शाळेतल्या विज्ञानापेक्षा लवकर समजला, कारण तो सगळा बँकिंगच होता. शरीरात 'ची' नावाची एक शक्ती खेळते. तिचे बारा मुख्य मार्ग. त्या मार्गांवर आणि शरीराच्या मध्यरेषेवर मिळून ठरावीक बिंदू, एकूण ३६१. म्हणजे एक हेड ऑफिस आणि ३६१ शाखा. 'ची' हे खेळतं भांडवल. ते कुठे अडकलं की दुखणं. बिंदू दाबायचा म्हणजे शाखेला फोन करून 'रक्कम का थांबली?' असं विचारायचं. माझ्या मानेचं खातं थकीत कर्जात गेलेलं आहे, हे मला पहिल्या दहा मिनिटांतच पटलं.

पण सगळ्यांत आवडलं ते अवयवांचं घड्याळ. चिनी वैद्यकात चोवीस तासांच्या बारा पाळ्या पाडून एकेक पाळी एकेकाला नेमून दिलेली आहे. पहाटे ३ ते ५ फुप्फुसं, ५ ते ७ मोठं आतडं, ७ ते ९ जठर. दर दोन तासांनी ड्यूटी बदल! या अवयवांची युनियन आमच्या युनियनपेक्षा भक्कम असली पाहिजे. मी माझी पाळी त्या घड्याळाला लावून पाहिली. दुपारी ३ ते ५ मूत्राशयाची ड्यूटी. नेमकी तीच वेळ कॅश जुळवण्याची, जेव्हा जागेवरून उठणं पाप. आणि ११ ते १ हृदयाची ड्यूटी.

"या दोन तासांत हृदयाला त्रास द्यायचा नाही," साडू म्हणाले. "शांत बसायचं. जमल्यास डोळे मिटायचे."

११ ते १! बँकेत या वेळात डोळे मिटलेला माणूस एकतर फोटोत असतो, नाहीतर निलंबित.

साडू वेळापत्रक लिहून देऊन गेले. सोबत तळपायाखाली फिरवायचा लाकडी रूळ आणि तळव्याचा एक रंगीत नकाशा देऊन गेले. त्या नकाशात टाचेपासून अंगठ्यापर्यंत सगळे अवयव प्लॉट पाडल्यासारखे बसवले होते. पुढे कॉलेजात जाणाऱ्या आमच्या कन्येने शोध लावला, की तळव्याचा हा नकाशा मुळात चीनचा नाहीच. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या युनिस इंगहॅम नावाच्या बाईंनी तो आखला. म्हणजे आमच्या घरी चीनच्या नावावर अमेरिकेचा माल खपला. हल्ली उलटं होतं.

मी दुसऱ्याच दिवशी सुरुवात केली. डोकेदुखीवरचा बिंदू अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल भागात असतो. गरोदर बाईने तो दाबू नये म्हणतात; ती अडचण मला नव्हती. काउंटरवर बसल्या बसल्या तो दाबू लागलो. समोरच्या शेतकऱ्याने दोन मिनिटं टक लावून पाहिलं.

"साहेब, सोताले चिमटे काहून घेऊन राह्यले? कर्ज मंजूर झालं आमचं. चिमटा आमी घ्याव!"

पोट आणि एकूण थकवा यांच्यावरचा बिंदू गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या किंचित बाहेरच्या बाजूला. त्याच्या चिनी नावात 'तीन मैल' असा काहीसा अर्थ आहे. दमलेल्या वाटसरूने तो दाबला तर तो आणखी तीन मैल चालतो म्हणे. मी टेबलाखाली वाकून तो दाबायला लागलो. कॅशियर टेबलाखाली वाकला की बँकेत एकच अर्थ होतो. पहिल्यांदा शेजारची सहकारी वाकली, मग हेडकॅशियर, मग रांगेतले चौघे. पाचशेची नोट कुणालाच सापडली नाही, कारण ती हरवलेलीच नव्हती. पण त्या दिवशी माझी कॅश तीनदा मोजली गेली, आणि तीन मैल चालल्याइतका थकवा मला बसल्या जागी आला.

पाय गरम पाण्यात बुडवून बसण्याचा प्रयोग रात्रीचा. आमच्याकडे मे महिन्यात पाणी मोजून येतं. "एका पायाला अर्धी बादली," असा निकाल आमच्या हिने दिला आणि माझे पाय काढताच ते पाणी परसातल्या कढीपत्त्याला घातलं. कढीपत्ता तेव्हापासून असा काही फोफावला की विचारू नका. 'ची' कुणाच्या अंगी लागेल सांगता येत नाही.

सकाळचा व्यायाम आठ प्रकारांचा. पहिल्यात दोन्ही हातांनी आकाश तोलून धरायचं, दुसऱ्यात डावी-उजवीकडे धनुष्य ताणायचं. मी गच्चीवर धनुष्य ताणताना शेजारच्या काकू पापड वाळत घालत होत्या. डोंगर जवळ असल्यामुळे आमच्याकडे माकडांचा उपद्रव. दुसऱ्या दिवशी काकूंनी आमच्या हिच्याकडे निरोप दिला, "भाऊंना म्हणावं, रोज सात वाजता असंच करत जा. वानरं इकडं फिरकून नाही राह्यले."

आणि शतपावली! साडूंनी सांगितलं, जेवून शंभर पावलं चालणारा माणूस नव्व्याण्णव वर्षं जगतो, अशी चीनमध्ये म्हण आहे. मला आजी आठवली. ती ताटावरून उठवून आम्हाला अंगणात पिटाळायची आणि म्हणायची, शतपावली घाल. चीनलाही शंभर आणि आजीलाही शंभरच, हा हिशेब कुणी कुणाकडून उतरवून घेतला देव जाणे. फरक एवढाच, की चिनी लोक नव्व्याण्णव वर्षांची मुदत देतात. आजीने मुदत कधी दिली नव्हती. नुसता रट्टा दिला होता.

रोहिणखेडला पायी चालणं सोपं नाही. दहा पावलं झाली की कुणीतरी मोटरसायकल थांबवणार. "साहेब, बसा. कुठं सोडू?" कुठेच जायचं नाही असं सांगितलं की संशय वाढायचा. बँकेचा माणूस रात्री जेवून गावातून विनाकारण फिरतो? चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की मी पुढे सरकतो तसे ओट्यांवरचे दिवे मालवतात. मी वसुलीला निघालो आहे अशी बातमी झाली होती. त्यानंतर मी आमच्या अंगणातल्या अंगणातच वीस फेऱ्या मारू लागलो. अंगण पाच पावलांचं आहे.

हे सगळं मी हसतहसत सांगतो आहे, कारण जून महिना अजून यायचा आहे.

पहिला पाऊस पडून गेला होता आणि बियाण्यासाठी सगळ्यांना एकाच दिवशी पैसे हवे होते. सर्व्हर मधूनच झोपत होता. वामकुक्षी घेणारा आमच्या शाखेत तो एकटाच. माझ्यासमोर एक म्हातारे शेतकरी अंगठ्याचा ठसा देत होते. यंत्र तो घेईना. जन्मभर मातीत घासून अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. मी तो अंगठा पुसून पुन्हा यंत्रावर ठेवत होतो, तेवढ्यात माझा डावा हात जड झाला. खांद्यापासून खाली कुणी ओली गोणी टांगावी तसा. छातीत दाटून आलं, कपाळावर घाम आला. घड्याळात सव्वाबारा झाले होते. हृदयाची ड्यूटी चालू होती.

आता लाज वाटते, पण मी काय केलं ते सांगतो. मी साडूंचा कागद काढला. छातीत धडधडणं, मळमळ यांसाठी मनगटाच्या घडीपासून वर तीन बोटं, दोन शिरांच्या मधोमध. तो बिंदू मी वीस मिनिटं दाबून बसलो. मधूनमधून गरम पाण्याचे घोट घेत होतो. आणि मनाला सांगत होतो, गॅस आहे.

'गॅस आहे' हे वाक्य आमच्या घरात नवं नव्हतं. १९९८ साली, मी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, आमचे अण्णा एका रात्री उठून बसले आणि हेच म्हणाले. आईने ओवा दिला, मग सोडा दिला, मी छातीला तेल चोळलं. अण्णांना डॉक्टरांचा खर्च नको होता, आणि डॉक्टर काय म्हणतील तेही नको होतं. पहाटे गाडी मिळाली तोवर उशीर झाला होता. तेल चोळताना माझ्या तळहाताला लागलेला तो गार घाम मला अजून आठवतो. काउंटरवर तो माझ्याच कपाळावर होता, आणि मला तो ओळखू आला नाही.

ओळखला तो आमच्या शिपायाने.

"साहेब, रंग काहून असा उतरून राह्यला तुमचा?"

"काही नाही. गॅस आहे. बिंदू दाबलाय."

"बिंदू-फिंदू राहू द्या बाप्पा! माहा मोठा काका असाच गॅस गॅस करत गेला. उठा!"

"अरे, कॅश टॅली व्हायचीय."

"आधी तुमी टॅली व्हा!"

त्याने माझा हात असा धरला, की ३६१ बिंदू एकदम दाबले गेले असावेत. रांगेतल्या एका कास्तकाराने आपली गाडी काढली. पीककर्जाच्या रांगेतला नंबर सोडणं म्हणजे काय, हे ज्याने जून महिना पाहिला आहे त्यालाच कळेल. अंगठ्यावर रेषा नसलेले ते म्हातारबाबा गाडीच्या दारापर्यंत आले आणि म्हणाले, "जा साहेब. माहा अंगठा काई पळून नाही जात."

घाट चढून बुलढाण्याला पोचेपर्यंत मी देवाला जेवढी आश्वासनं दिली, तेवढी कुठल्या निवडणुकीतही दिली जात नसतील.

ईसीजी निघाला. सहा तासांनी पुन्हा निघाला. रक्त तपासलं. हृदय शाबूत होतं. रक्तदाब मात्र १८० वर ११०. "किती वर्षांपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं. मला काय ठाऊक! पासबुकच कधी भरून घेतलं नव्हतं.

डॉक्टर चीनच्या विरोधात नव्हते. माझा कागद त्यांनी शांतपणे वाचला. मनगटावरच्या त्या बिंदूचा ऑपरेशननंतरच्या मळमळीवर उपयोग होतो असं तपासण्यांत दिसलं आहे, म्हणाले. जेवल्यावर चाललं तर रक्तातली साखर एकदम चढत नाही. चीनच्या तू यूयू बाईंनी जुन्या ग्रंथातल्या वनस्पतीवरून मलेरियाचं औषध शोधलं आणि २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. पण आधी प्रयोगशाळेत तावूनसुलाखून घेतलं.

"सवयी सगळ्या चांगल्या आहेत, सोडू नका," ते म्हणाले. "पण छातीत दाटलं, हात जड झाला, घाम फुटला, तर आधी ईसीजी. बिंदू नंतर. आणि ही गोळी रोज. बरं वाटलं तरी रोज."

बाहेर बाकावर बसल्यावर मला माझा हिशेब लागला. तो बिंदू चुकीचा नव्हता, मी तो चुकीच्या कामाला लावला होता. माझ्या हातात घरगुती उपायाने एकच दुखणं हमखास बरं होत होतं, आणि ते म्हणजे डॉक्टरकडे जायची भीती. अण्णांचा ओवा आणि माझा बिंदू एकाच खात्यातून निघाले होते.

रात्री साडूंना फोन केला. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "कोटणीसांनी एकदा सलग बहात्तर तास ऑपरेशनं केली म्हणतात. १९४२ च्या डिसेंबरात गेले. बत्तीस वर्षांचे होते. त्यांनाही कुणीतरी म्हटलंच असेल हो, जरा बसा म्हणून." मी काही बोललो नाही. त्यांच्यापुढे युद्धातले जखमी होते, माझ्यापुढे सातबाराचे उतारे. पण समोर काय आहे हे हृदयाला दिसत नसावं. त्याला फक्त आपण बसलो की नाही तेवढं कळतं.

आता गोळी चालू आहे. शतपावली चालू आहे. गावाला सवय झाली असून दिवे मालवत नाहीत. मान उजवीकडे वळू लागल्यामुळे नाही म्हणता येतं, त्यामुळे माझी लोकप्रियता मात्र घटली. कढीपत्ता खिडकीच्या वर गेला आहे.

आणि रोज बारा वाजले की शिपाई काउंटरवर गरम पाण्याचा पेला आणून ठेवतो आणि रांगेकडे वळून मोठ्याने सांगतो, "पाच मिनिटं थांबा बाप्पा! साहेबांच्या हृदयाची ड्यूटी चालू हाये."

रांग थांबते. म्हातारबाबा असले तर तेही आपला अंगठा धोतराला पुसत भिंतीला टेकून बसतात. मी डोळे मिटतो. मॅनेजरसाहेबांनी पहिल्या आठवड्यात केबिनच्या काचेतून रागाने पाहिलं होतं. परवा त्यांनी शिपायाला आत बोलावलं. मला वाटलं, आता मेमो येतो.

शिपाई बाहेर आला आणि थेट चहाच्या ओट्याकडे गेला.

"काय म्हणाले रे?"

"म्हणे, बाराला दोन पेले ठेवत जा."